सुईआधी नाव

आमच्या आरोग्य केंद्रात सुई टोचण्याआधी दोन गोष्टी विचारायची पद्धत आहे. नाव काय, आणि कशासाठी आलात. माणसानं आपल्या तोंडानं सांगायचं, मगच सिस्टरनं हात लावायचा. ही पद्धत डॉक्टरांनी एका गर्दीच्या सकाळी बाजूला ठेवली. "विचारत बसू नका, रांग सरकवा," म्हणाले. मी तेव्हा लसीकरणाला बाहेर गेले होते. माझी आई पायाची पट्टी बदलायला आली होती. तिला शेजारच्या बाईचं इंजेक्शन गेलं. मी परतले तेव्हा आई गार, आणि पायावर पट्टी तीच, जुनी.

महिन्याच्या खुल्या बैठकीत केंद्रात काय चुकलं ते लोकांना सांगायचं असतं. डॉक्टर उभे राहिले. "वय झालं होतं. हृदय दमलं." लोकांनी माना हलवल्या, चहा घेतला.

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "एक वाक्य बोला, डॉक्टर. चुकीचं इंजेक्शन गेलं, एवढंच."

"सिस्टर, झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक यायचे थांबतील."

"मूठ तुमची आहे. तिच्या आत आई माझी आहे."

ते घड्याळ बघत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी खोलीत स्पिरिटचा वास, खिडकीत ऊन, बाहेर बाकावर खोकला. पहिल्या मुलीला मी नाव विचारलं. तिनं माझ्या आईचं नाव सांगितलं. असेल, म्हटलं, नावं काय, कुणाचीही असतात. मग मिशाळ आजोबा आले. त्यांनीही तेच सांगितलं, अगदी आडनावासकट.

"आजोबा, चेष्टा करता?"

"चेष्टा कसली, बाई? बापानं ठेवलेलं नाव आहे. बदलू का आता म्हातारपणी?"

त्यांच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. आपण काय बोललो, ते त्यांचं त्यांना ऐकू गेलं नव्हतं. दुपारपर्यंत जो येई, तो तेच नाव सांगे. आवाज ज्याचा त्याचा, नाव तिचं. केसपेपरवरच्या नावाशी जुळेना, म्हणून मी एकालाही टोचलं नाही. सगळे बाकावर थांबले, बाह्या दुमडून, निमूट.

डॉक्टर तणतणत आत आले. कपाटाच्या पत्र्यानं त्यांचं बोट कापलं होतं.

"काय तमाशा लावलाय? आधी मला धनुर्वाताचं टोचा."

मी सिरिंज भरली. दार उघडं होतं.

"नाव सांगा."

"सिस्टर, पुरे."

"पद्धत आहे, डॉक्टर."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि नाव सांगितलं.

आईचं.

बाकावरचा खोकला थांबला.

"कशासाठी आलात?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"पट्टी बदलायला," डॉक्टर त्यांच्याच जाड आवाजात म्हणाले. "इंजेक्शन नको गं, पोरी. ते माझं नव्हे. मी नुसती पट्टी बदलायला आलेय."

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "सांगितलं ना नाव? टोचा लवकर."

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

बाहेर बाकावर एकेकानं दुमडलेली बाही हळूच खाली ओढली, मनगटापर्यंत.