आवाज चौथ्यांदा गेला तेव्हा

ती आमच्या दारात आली तेव्हा माझा लेक मल्हार ट्रॅक्टर धूत होता. फाटक वाजलं म्हणून तो वळला, आणि हातातली नळीही त्याच्याबरोबर वळली... पोरगी गुडघ्यापर्यंत भिजली. दुसरी असती तर ओरडली असती. हिनं फक्त खांद्यावरची पिशवी वर धरली आणि म्हणाली, "पिशवीत सामान हाय. मला भिजवा, त्याला नको."

अठ्ठ्याण्णव साल. दसरा होऊन दोन दिवस झाले होते.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो बावड्यातला पहिला. निदान मी तसं सांगायची, आणि गोजरबाईला खोटं पाडायला आमच्या गल्लीत कुणी धजत नव्हतं. माझ्या सासऱ्यांचा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. त्यांच्या नातवानं बारामतीहून हे यंत्र आणून टेबलावर मांडलं, तेव्हा मी आठ दिवस मान वर करूनच चालले. संध्याकाळी मल्हार खंडोबाच्या गाण्यांची सीडी लावायचा आणि गल्लीतल्या बायका ओसरीवर येऊन बसायच्या. आता प्रत्येकीच्या मोबाइलवर गाणं वाजतं, पण ओसरीवर कुणी बसत नाही.

तर दसरा झाला आणि कॉम्प्युटरचा आवाजच गेला. पडद्यावर सगळं हलतंय, पण कानाला काही नाही. मल्हारनं दुकानाला फोन केला, ते म्हणाले माणूस पाठवतो. आणि आली ही.

"माणूस कुठाय?" मी विचारलं.

"मीच हाय, मावशी. रोहिणी."

चहा होईस्तवर मी तिची सगळी माहिती काढून घेतली. काटेवाडीची. बाप दादासो, आमच्यातलेच. मेंढरं विकून गाई केलेल्या. बारामतीत कोर्स करून दुकानात लागली, आणि तिथं दुरुस्ती करणारी ती एकटीच मुलगी.

तिनं आधी स्पीकरचं बटण बघितलं. दिवा लागतोय का ते बघितलं. मग पडद्याच्या कोपऱ्यात कर्ण्याचं बारकं चित्र असतं, तिथं कुणी आवाज बंद करून ठेवलाय का ते बघितलं. मल्हार मागं उभा राहून प्रत्येक गोष्टीला म्हणत होता, व्हय, मीबी तेच बघितलं.

"मग मला कशाला बोलावलं?" ती म्हणाली. वळून न बघता. त्याचे कान लाल झाले. त्याला वाटलं मला दिसलं नाही.

मग तिनं कॉम्प्युटरचा डबा पुढं ओढला, मागची स्पीकरची पिन उपसली... आणि थांबली. पिन पिवळीधमक.

दसऱ्याला आमच्याकडं कामाच्या हत्यारांची पूजा होते. कोयता, कात्री, ट्रॅक्टर. मी कॉम्प्युटरचीही केली. भंडारा नुसता वरून उधळला नाही. मागं जेवढी भोकं दिसली तेवढ्यांत चिमूट चिमूट घातला. देवाचं कुठं कमी पडायला नको.

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं. तिनं काडीला कापूस गुंडाळला, आतला भंडारा हळूहळू बाहेर काढून तळहातावर घेतला, आणि झटकून टाकायचं सोडून कपाळाला लावला. मल्हारनं विचारलं, काय झालं होतं? तर म्हणाली, "पिन सैल हुती."

 मी पुन्हा चहा ठेवला, आणि त्यात साखर जरा जास्तच टाकली.

आवाज आला, गाणं वाजलं. मल्हार म्हणाला, "परत गेला तर?"

"मागं पिनीच्या चार जागा हायत. स्पीकरची वरून दुसरी. ध्यानात राहील?"

"राहील की... पण मी जरा विसराळू हाय."

"दिसतंय. भाईर नळी चालूच हाय."

त्या दिवशी तो तिला मोटारसायकलवरून इंदापूरच्या स्टँडवर सोडायला गेला, आणि परत यायला त्याला अडीच तास लागले. इंदापूर काही परदेशात नाही.

दिवाळीच्या आधी आवाज पुन्हा गेला. दिवाळीनंतर पुन्हा. ती यायची, दोन मिनिटांत काम व्हायचं आणि तासभर बोलणं चालायचं. गाणं वाजत असायचं, ऐकत दोघंही नसायचे. तिच्या कपातली साय मल्हार आधीच चमच्यानं काढून ठेवायला लागला. तिला साय चालत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्याला मात्र ठाऊक. त्या तिसऱ्या वेळी तर पहाटे मी ताक घुसळत होते आणि समोर माझा लेक कॉम्प्युटरमागं वाकून पिन एका जागेतून काढून दुसरीत घालत होता. मी घुसळतच राहिले. आईनं काही गोष्टी बघायच्या नसतात.

चौथ्या वेळी ती आली ती बसली नाही. उभ्यानंच पिन काढली, जागेवर घातली.

"तीन खेपा झाल्या. पिनीला पाय फुटलेत व्हय?"

मल्हार हसायला गेला... पण ती हसत नव्हती.

"दुकानात म्हणत्यात, पोरीनं केलेलं काम टिकत न्हाय. सोमवारपासनं मला काउंटरवर बसवणार हायत. लई भांडून हे काम मिळवलं हुतं मी." तिचा आवाज बारीक झाला. "भेटायचं हुतं तर समोरून यायचं. मी काय न्हाय म्हणलं असतं... व्हय?"

पिशवी उचलून ती चालत गावातल्या एसटीच्या थांब्याकडं गेली. तो मागं धावला, पण ती गाडीवर बसली नाही.

आठ दिवस मल्हारनं कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं नाही. दुकानात जाऊन खरं सांग म्हणलं, तर म्हणाला, कोणत्या तोंडानं जाऊ? जेवायचा अर्धं. अवघ्या घराला गप्प बसवलं त्यानं. आणि आमच्यात पोराकडची माणसं पोरीच्या मागं जात नाहीत. सांगून येतं ते तिकडून येतं. मी तर कुणाच्याच दारात खाली मान घालून गेलेली नव्हते. पण नवव्या दिवशी म्हणलं, काढ गाडी. जन्मात पहिल्यांदा मोटारसायकलवर बसले, त्याचा सदरा मुठीत धरून. उसाच्या बैलगाड्या आडव्या येत होत्या आणि मी प्रत्येक गाडीवानाचा उद्धार करत बारामती गाठली.

दुकानात मालक होता, चार गिऱ्हाइकं होती. रोहिणी काउंटरमागं. मी मोठ्यानंच बोलले.

"मी बावड्याची गोजरबाई. आमचा कॉम्प्युटर पहिल्यांदा बिघडला तो माझ्या हातानं, मागं भंडारा कोंबला हुता मी. बाकीच्या खेपा माझ्या ह्या पोरानं मुद्दाम पिन काढली. ह्या पोरीच्या कामात खोट न्हाय. शिक्षा करायची तर ह्याला करा."

कुणीतरी हसलं. माझे कान तापले. चारचौघांत स्वतःची चूक सांगायची मला सवय नव्हती, अजून नाही. मालकानं हनुवटी खाजवली. मग म्हणाला, बरं, उद्यापासून तिचं काम तिला.

मल्हार दारात उभा होता. आत आला.

"हे मी सांगायला पायजे हुतं," तो म्हणाला. "रोहिणी... मला तुमी आवडता. पिन जागेवर असताना बी."

ती हातातला पेचकस उगाच फिरवत राहिली. वर बघितलं नाही.

"आमच्या आबांला समोरून येणारा माणूस लागतो..."

"आणि तुमाला?"

"मला... उशिरा आलेला बी चालतो."

मालकानं तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. काटेवाडी तिथून जवळ. दोघं तिच्या बापाला, आबांना, भेटायला निघाले आणि मोटारसायकलवर तिसऱ्याला जागा नव्हती, म्हणून मी एसटी धरली. खिडकीशी बसले, पदर तोंडाला लावला. इंदापूर येईस्तवर मी मनात पाचशे माणसांच्या पंगती मांडल्या होत्या, आणि कुणाला कुठं बसवायचं यावरून निम्म्या पावण्यांशी भांडूनही झालं होतं.