नववं प्रकरण

भुसावळच्या त्या शाळेच्या वाचनालयात आता पुस्तकांची कपाटं नव्हती. भिंतीला लागून खण होते आणि खणांत वाचनपाट्या चार्ज होत उभ्या होत्या. तडवी सरांनी अकरावीची मुलं गोल करून बसवली होती. मध्ये पुण्याहून आलेली लेखिका होती, शर्मिष्ठा देवरुखकर. तिची ‘बोगदा क्रमांक चार’ ही कुमारांसाठीची थरारक कादंबरी सगळ्यांनी वाचली होती. कादंबरीची बलस्थानं आणि उणिवा मुलांनी तिच्या तोंडावर सांगायच्या, असं ठरलं होतं.

पहिला उठला तन्मय इंगळे. “वेग जबरदस्त आहे मॅडम. मी जेवायलासुद्धा उठलो नाही. पण नायक विकी स्वतःच चोर आहे, हे फार लवकर कळतं.”

“विकी चोर?” शर्मिष्ठा हसली. “तू दुसरंच काहीतरी वाचलेलं दिसतंय.”

“नाही मॅडम, हेच. तो बहिणीला, गौरीला फसवून परदेशात पळून जातो ना शेवटी.”

“माझ्या पाटीवर नाही पळत,” मागून एक मुलगी म्हणाली. ती प्रांजल चौधरी. ती उठून उभी राहिली तेव्हा तिचा आवाज कापत होता, पण भीतीनं नव्हे. “मी उणीव सांगू? तुमचं पुस्तक खोटं बोलतं. बोगद्यात पाणी शिरतं, विकी वाहून जातो, आणि नवव्या प्रकरणात दारात उभा. वर भूक लागली म्हणतो. पाण्यात गेलेला माणूस असा येत नाही. तुम्ही कधी नदीकाठी कुणाची वाट बघत बसलायत का?”

तडवी सर शर्मिष्ठाच्या कानाशी वाकले. “तिचा मोठा भाऊ तापीत बुडाला. झाली दोनेक वर्षं.”

शर्मिष्ठाला काही सुधरेना. तिच्या कादंबरीत विकी मरतो. नववं प्रकरण अख्खं त्याचंच होतं. पाणबुडे आत उतरलेले, आणि गौरी बोगद्याच्या तोंडाशी बसून राहिलेली. त्यात काहीही घडत नव्हतं. संपादक श्रीरंग कानिटकर म्हणाला होता, पुस्तकाची हीच मोठी उणीव आहे, मुलं इथंच सोडून देतील. ती भांडली होती. प्रकरणाला हात लावणार नाही, असं कबूल करून घेऊनच तिनं पुस्तक दिलं होतं.

तिनं प्रांजलची पाटी मागून घेतली आणि नववं प्रकरण उघडलं. दार वाजत होतं. विकी आत येत होता, गौरी त्याला गरम खिचडी वाढत होती. वाक्यं तिच्याच वळणाची होती, तिच्याच सवयीचे शब्द होते. सर्वांसमोर तिनं कानिटकरला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“श्रीरंग, माझ्या पुस्तकात विकी जिवंत कसा?”

“मूळ प्रत तशीच आहे, शर्मिष्ठाताई. पाटीवर अनुरूप प्रत जाते. कडेच्या पट्टीवर बोटं असतात, तिथून नाडी कळते. डोळे कुठं अडखळतात ते कॅमेरा बघतो. वाचणारा कंटाळला किंवा फार अस्वस्थ झाला, की पुढचं प्रकरण त्याच्यापुरतं नव्यानं लिहिलं जातं.”

“कोण लिहितं?”

“यंत्रणा लिहिते. तुमच्याच शैलीत.”

“माझ्या नावानं?”

“ताई, ही मुलं पुस्तकं अर्धी टाकत होती. आता शेवटपर्यंत वाचतात. आणि एखाद्या मुलीला त्रास होणार असेल, तर तो टाळला यात चुकलं काय?”

“त्या मुलीला विचारलंत?”

“तशी परवानगी पालकांकडून घेतो आम्ही.”

शर्मिष्ठानं फोन बंद केला. मुलांना वाचून दाखवायला तिनं स्वतःच्या हस्तलिखिताची छापील पानं आणली होती. त्यातलं नववं प्रकरण तिनं वेगळं काढलं.

“थांबा,” तडवी सर मध्ये आले. “परवानगी तिच्या आईनं दिली आहे. घरी आधीच पुष्कळ झालंय हो. उद्या तिला काही झालं तर मी त्या बाईला काय सांगू?”

“सर, मी रोज तापीच्या त्याच घाटावरून शाळेत येते,” प्रांजल म्हणाली. “तेव्हा माझी नाडी कोण बघतं? सगळे माझ्यासमोर दादाचं नाव घ्यायचं टाळतात. आता पुस्तकानंसुद्धा टाळायचं?”

सर बाजूला झाले. शर्मिष्ठानं पानं तिच्या हातात दिली.

प्रांजल खिडकीशी जाऊन बसली. बाकीची मुलं आपापल्या पाट्यांवर नववं प्रकरण उघडून एकमेकांना दाखवू लागली. एकाच्या प्रकरणात गोळीबार होता, एकीच्या लग्न. हसणं हळूहळू थांबलं. “म्हणजे आपण भांडत होतो ते कशावरून?” तन्मयनं विचारलं.

प्रांजल सावकाश वाचत होती. एका पानावर थांबली, मागं गेली, पुन्हा वाचलं. तिचे डोळे वाहत होते आणि ते तिनं पुसले नाहीत. शेवटचं पान संपल्यावर ती शर्मिष्ठापाशी आली.

“लांबलंय थोडं,” ती म्हणाली. “पण असंच असतं. पाणबुडे वर येतात आणि कुणी आपल्याकडे बघत नाही. हे तुम्ही बरोबर लिहिलंय.”

“ठेव ती पानं तुझ्याकडे.”

प्रांजलनं पानं छातीशी धरली, पण ती जागची हलली नाही. रागानं ताठ झालेला तिचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला.

“मॅडम, आईनंही हे पुस्तक घेतलंय, तिच्या पाटीवर. दुपारी जेवणं झाली की ती तेवढं नववं प्रकरण उघडून बसते. वाचताना हसते. मला वाटायचं, चला, काहीतरी आवडलं तिला.” तिनं हातातल्या पानांकडे पाहिलं. “तिच्याकडे तो रोज घरी येत असेल ना? मग मी ही पानं तिला दाखवू, का नको?”