मान धरणारी रूपाली

ज्याला खोटं वाटेल त्याला वाटू द्या. मी तिथं होते. बारा मार्च, दुपारचे पावणेतीन, देवगाव रंगारीच्या अलीकडचा रस्ता.

हो, भर उन्हात घडलंय हे!

आधी रूपालीबद्दल सांगते. माझी चुलत बहीण, माझ्याच वर्गात, नववीत. शाळेच्या प्रथमोपचार पथकात आमची जोडी होती. अपघातातल्या माणसाचं हेल्मेट दोघांनी मिळून काढायचं असतं. एकीनं बाजूनं मान आणि जबडा धरायचा, "धरलं" म्हणायचं. मगच डोक्याशी बसलेलीनं हेल्मेटच्या कडा फाकवून ते हळूहळू ओढायचं.

ओढायची मी. आणि शाबासकी कायम रूपालीला!

"हिचे हात बघा," सर म्हणायचे.

मी जळायचे. खूप.

दिवाळीत डेंग्यूनं रूपाली गेली. मी रडले. पण तिच्या जागी पथकाची लीडर झाले, तेव्हा आतून... बरं वाटलं.

तर त्या दुपारी पप्पांच्या गाडीवर मागं बसले होते. पुढं एक बाईकवाला घसरून उताणा पडलेला. भोवती गर्दी.

"हेल्मेट उपसा त्याचं! पाणी पाजा!"

"कुणी हात लावू नका!" मी ओरडले.

"तू लई डॉक्टर लागून गेली का गं?" एक काका म्हणाले.

मी हेल्मेटची काच वर केली. घशातून घरघर येत होती...

मग तीही थांबली.

श्वास नीट चालू असता तर मी हेल्मेट तसंच राहू दिलं असतं. आता काढावंच लागणार होतं. पप्पा तिकडं १०८ ला फोन लावून ट्रक अडवत होते. मी पट्टा सोडला, डोक्याशी बसले.

"कुणीतरी मान धरा ना!"

सगळे दोन पावलं मागं सरकले.

आणि एकदम... आवाजच बंद. हॉर्न, माणसं, सगळं.

"धरलं."

उजवीकडून आलं. मी बघितलंच नाही. ओढलं. हेल्मेट अलगद निघालं. मी जबडा पुढं उचलला आणि त्या माणसानं श्वास घेतला!

मग उजवीकडं बघितलं...

कुणीच नव्हतं.

आठवड्यानं आम्ही दवाखान्यात गेलो. कडुबा नाव त्यांचं, वैजापूरचे.

"पोरी, ती दुसरी कुठंय?" त्यांनी विचारलं. "सारखी कानात म्हणायची, हलू नका काका, हिला एकटीला नाय जमायचं."

असला राग आला मला! मेल्यावर पण?

मग कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत आला. त्यात मी एकटीच. हेल्मेट निघतं... आणि कडुबाकाकांचं डोकं रस्त्यापासून चार बोटं वर, हवेत. मी हात घालेपर्यंत तसंच.

ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. शाळेत माझा सत्कार झाला. समोर काकू बसली होती, रूपालीची आई.

"एकटीनं केलंस?" सरांनी माईकवर विचारलं.

रूपालीचं नाव ओठांवर आलं होतं.

"हो सर. एकटीनंच."

टाळ्या, शिट्ट्या, सगळं मला!

त्या दिवसापासून मी आडवी झाले की दोन हात येतात. गार. एक जबड्याला, एक मानेखाली. अगदी सरांनी शिकवलं तसे.

मी हलत नाही. हलताच येत नाही.

काल ते जरा घट्ट झाले...