दोन षटकांमधलं अर्धं मिनिट

"घसा बसलाय मेल्याचा, तरी तोंड थांबत नाही!" मी आपली भिंतीला म्हणाले. आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून उत्तर आलं, "गरम पाणी पितोय हो. रागावू नका."

माझा चहा मांडीवर सांडला.

थांबा, नीट सांगते. मी आमच्या गावच्या छोट्या रेडिओ केंद्रात बसते. क्रिकेटचं धावतं वर्णन दूरच्या मुख्य केंद्राकडून येतं. षटक संपलं की मी बटण दाबायचं, मग गावाला अर्धं मिनिट फर्निचरवाल्याची नाहीतर चष्मेवाल्याची जाहिरात ऐकू जाते. तेवढ्यात समालोचक खोकतो, खुर्ची सरकवतो, ते फक्त मला ऐकू येतं. पण त्याला मी? छे! लाइन एकमार्गी. नळातून पाणी येतं, उलटं जात नाही.

इंजिनियरकाकांनी मागचं कपाट उघडून वायरी तपासल्या, मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"पोरी, इकडून तिकडे जायला काही जोडलेलंच नाही. तू बोलतेस कुणाशी?"

अंगावर सर्रकन काटा आला. तरी पुढच्या षटकानंतर मी बटण दाबलं आणि... बोललेच. जित्याची खोड!

मोसमभर हेच चाललं.

"आज स्वेटर कोणता?"

"तुम्हाला काय करायचंय? — निळा."

"मग आज निळ्या टोपीवाल्यांचं कौतुक जरा जास्त करतो."

आणि खरंच केलं हो त्याने! त्या दिवशी निळ्या टोपीवाले सपाटून हरले, तरीही.

त्याचा आवाज खाली उतरला की मी स्पीकरला कान लावायचे. आणि जाहिरात संपल्याचा दिवा लागून सामना पुन्हा सुरू झाला की भीती वाटायची... हे सगळं माझ्या डोक्यातच तर नाही? मुख्य केंद्राला फोन करून विचारायचं कितीदा ठरवलं. नंबर फिरवायचे आणि फोन ठेवून द्यायचे. तो म्हणाला असता, 'कोण तुम्ही?' — तर?

मग एकदा तोच दबक्या आवाजात म्हणाला, "घाबरू नका, पण... तुमच्या केंद्राची इथे चौकशी केली. सगळे म्हणतात, ते तर कधीच बंद झालं."

"म्हणजे मी भूत?"

"भुतं एवढी भांडत नसतील." तो हसला, पण अर्धवटच.

काका जेवायला गेले होते. खिडकीबाहेर धुकं, समोरचा रस्ता पुसल्यासारखा. काचेत मी माझा चेहरा शोधला, तर तिथेही नुसतं धुकं. मी घाबरून घरी फोन लावला.

"आई, मी... आहे ना गं?"

"आहेस तर! आणि येताना साबण आण."

तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मोसमातला शेवटचा सामना शेजारच्याच शहरात होता. उद्यापासून ही लाइन बंद होणार होती. शेवटचं षटक उरलं आणि मला राहवेना.

"ऐका... माझं तुमच्यावर प्रेम आहे. ऐकताय ना?"

स्पीकरमध्ये नुसती खरखर. लांबून गर्दीचा आवाज. मी स्पीकरचा आवाज वाढवला.

"...हो," तो म्हणाला. "माझंही. खूप. पण तुम्ही खरंच असाल ना? सामना संपला की येतोच मी. केंद्र बंद असलं तरी येतो."

मी डोळे पुसले आणि बटणाकडे पाहिलं.

दाबलंच नव्हतं!

जाहिरातीऐवजी हे सगळं गावभर गेलं होतं. अगं बाई! फर्निचरवाल्याला आता कुठल्या तोंडाने भेटायचं? तोच फोन वाजला.

"काय गं हे?" आई ओरडत होती. "तो समालोचक 'माझंही, येतोच मी' असं कुणाला म्हणत होता? एकटाच बोलत होता की!"

"आई! तुला ऐकू आला तो? खरंच ऐकू आला?"

"मी काय बहिरी आहे?"

मी रडायलाच लागले. तो होता. माझ्या डोक्यात नव्हता, खराखुरा होता! पण माझा आवाज मात्र गावातही कुणी ऐकला नव्हता... तो आला आणि त्याला इथे कुलूपच दिसलं, तर?

दिवेलागणीला दारावर टकटक झाली. मी दार उघडलं. धुक्यात एक उंच माणूस उभा, गळ्याला मफलर. तो माझ्या निळ्या स्वेटरकडे बघत राहिला.

"आधी हात पुढे करा," तो म्हणाला. तोच बसलेला घसा.

"तुम्ही करा आधी. मला भीती वाटते."

"मलाही."

मग दोघांनी एकदमच केले. त्याचा हात चांगला ऊबदार होता. मी श्वास रोखून विचारलं, "आणि... माझा?"

"गरम आहे," तो म्हणाला, आणि त्याने तो सोडलाच नाही.