महिला सुखरूप

हवालदार माणूस वाईट नव्हता, गुडघे तेवढे वाईट. कुणाच्या घरी चौकशीला पाठवलं की तो अर्ध्या जिन्यात थांबायचा आणि तिथूनच हाक मारायचा, "ताई, बरी आहेस ना?" वरून बाईचा आवाज आला की वहीत लिहायचा, 'महिला सुखरूप'. खरा नियम निराळा. नवऱ्याला बाजूला करायचं, बाईला एकटीला डोळ्यांनी बघायचं, मगच लिहायचं. पण नियम लिहिणाऱ्यांना कुठे जिने चढावे लागतात?

त्या दुपारी ठाण्यात एका बाईचा फोन आला. "साहेब, माझ्या बहिणीला नवऱ्यानं परत मारलंय. सकाळी फोनवर ती माझी माफी मागत होती. माफी कसली मागते हो ती? जिवाचं काही बरंवाईट करून घेईल. लवकर जा."

पत्ता हवालदाराच्या ओळखीचा होता. तीन वर्षांपूर्वी त्या घरात त्याच माणसाची पहिली बायको नांदत होती. तेव्हाही तो अर्ध्या जिन्यातूनच विचारून परतला होता. संध्याकाळी तिनं जीव दिला. वहीत ती सुखरूप होती.

जिन्यात फिनेलचा वास कोंडला होता. मेली सवय कुठे जाते! पाय अर्ध्यातच थांबले. वर नवरा दार अडवून उभा होता.

"झोपलीय ती, साहेब. तिची बहीण उगाच राईचा पर्वत करते."

"ताई, बरी आहेस ना?"

"बरी... आहे," आतून आवाज आला.

घोगरा, मधेच अडखळलेला. हा आवाज हवालदार तीन वर्षं विसरू शकला नव्हता. त्यानं वर पाहिलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानंही तो ओळखला होता.

"आत कोण कोण आहे?"

"ती... एकटीच," नवरा पुटपुटला आणि दारातून बाजूला झाला.

हवालदार गुडघे विसरून धावला. आतल्या खोलीला आतून कडी होती. तिसऱ्या धक्क्याला ती निखळली. बाई जमिनीवर निपचित पडली होती. श्वास चालू होता, पण जेमतेम.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तिनं डोळे उघडले.

"मघाशी तूच बोललीस ना, ताई?"

"माझ्या तोंडून शब्दच फुटत नव्हता... त्या बोलल्या. उशाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, माझा आवाज ऐकला की तो वर येईल..."

हवालदार तोंड फिरवून रडला. आपण काय केलं होतं, ते त्याला त्या दिवशी पुरतं कळलं.

बाई वाचली. दुसऱ्या दिवशी चौकशीच्या यादीतलं पुढचं घर होतं, गावाच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर. हवालदार कुठेही न थांबता थेट दारापर्यंत गेला. बेलकडे हात नेला.

"बरी... आहे," आतून आवाज आला.

तोच घोगरा आवाज. त्यानं अजून काही विचारलंच नव्हतं.