पागोटं पडलेला वजीर

जामगडाच्या पूर्वेच्या बुरुजामागे तांबडं फुटलं, नगारखान्यात चौघडा झडू लागला, तेव्हा शिराझचा चितारी मीर हातिम किल्लेदार मन्सूरखानाच्या दिवाणखान्यात आपल्याच चित्रापुढे उभा होता. इराणी रिवाजाप्रमाणे भिंतभर एकच कथा रंगवली होती: राजाने दगा देऊन मारलेला इमानी वजीर आणि शेजारी गडगडलेलं त्याचं पागोटं. वजिराला चेहरा मात्र हातिमने आपल्या थोरल्या भावाचा, मीर याह्याचा दिला होता. सुलतानाचा खलिता घेऊन याह्या या गडाकडे निघाला तो नाहीसाच झाला. तो गडावर आलाच नाही, वाटेतूनच गनिमाला मिळाला, असं खानाने भर दरबारात शपथेवर सांगितलं. घराण्यावर हरामखोरीचा डाग बसला. तो खानाच्या रक्ताने धुवायचा, एवढ्यासाठीच हातिम नाव बदलून इथे चाकरीला राहिला होता.

चित्र पुरं झालं की यजमानाने पाहुण्यांदेखत उणीव काढायची आणि चिताऱ्याने ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची, असा दस्तूर होता. खानाला तर दुसऱ्याच्या कामात खोड काढल्याशिवाय घास गोड लागत नसे. आज तो गप्प राहिला आणि त्याने चेहरा ओळखला, तर हातिमचीच मान जाणार होती.

सुलतानाचे सरलष्कर हैबतराव काळोखे मसनदीवर बसले. खान चित्रापुढे आला, अंमळ चपापला, पण मानकऱ्यांदेखत तोंड मिटून राहणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"केस चुकलेत, उस्ताद. टाळूवर मधोमध पांढरा पट्टा हवा."

"कोणाच्या टाळूवर, हुजूर?"

खानाने चित्राकडे पाठ फिरवली.

"सरलष्कर, हा चेहरा माझ्या भावाचा, मीर याह्याचा," हातिम म्हणाला. "तो पट्टा जन्माचा होता. चारचौघांत आम्ही डोकं उघडं करत नाही. घराबाहेर तो कोणी पाहिला असेल, तर ज्याने त्याचं पागोटं पाडलं त्यानेच."

खान तलवार उपसून धावला. हातिम जागचा हलला नाही. धारकऱ्यांनी खानाला मधेच जखडलं.

"खानसाहेब," हैबतरावांनी विचारलं, "जो गडावर आलाच नाही, त्याचे केस आपण कधी पाहिलेत?"

खानाच्या हुजऱ्याने घाबरून तळघर दाखवलं. तिथे याह्याची हाडं निघाली. कडेलोटाचा हुकूम झाला.

"एक अर्ज आहे," हातिम म्हणाला. "दुरुस्ती राहिली आहे. ती होईतो रंगाची वाटी खानसाहेबांनी धरावी."

वाटीतला सफेदा खानाच्या जरीच्या अंगरख्यावर सांडत होता. हातिमने एकेक केस सावकाश रंगवला. त्याला घाई नव्हती आणि दयाही आली नाही. दुपारी तो कड्यापर्यंत गेला, खालून आवाज येईतो थांबला, आणि मग मुदपाकखान्यात जाऊन पोटभर जेवला.