शेवटची तुळई

दिवा बारीक करा, पोरांनो. ज्याला भीती वाटते त्यानं आत्ताच उठावं. मागाहून कुणाला बाहेर जायला सोबत लागली, तर मी उठणार नाही.

गोष्ट माझ्या दाजींची. सुतार माणूस. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. तिन्हीसांजेला ते माझ्याकडे बल्ब मागायला आले, शेडमधला गेला होता. ताईसाठी घर बांधत होते ते, सगळं लाकडी. खिळ्याचं नाव नाही. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याला कुसू काढायचं आणि एकमेकांत घट्ट बसवायचं. पण ताई पावसाळ्यातच तापानं गेली. एक शेवटची तुळई राहिली होती.

खाच पाडताना लाकूड उडतं, म्हणून त्यावर कुणीतरी बसावं लागतं. लग्नापासून ताईच बसायची, मांडीवर भाजी निवडायला घेऊन. "माझ्या वजनाला हसू नका, तुमचा धंदा त्याच्यावरच उभा आहे," म्हणायची. खाच पुरी होत आली की विचारायची, "झालं?" दाजी "झालं" म्हणाले की उतरायची.

"मी येऊ का बसायला?" मी विचारलं.

"नको. ती तिची जागा आहे," म्हणाले, आणि बल्ब घेऊन गेले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

रात्रीचे साडेअकरा. त्यांनी पटाशी लावली, ठोका घातला. तुळई उडाली. दुसरा ठोका. उडाली. तिसरा...

उडाली नाही.

दाजींचा हात थांबला. पुन्हा ठोका घातला. लाकूड गच्च. वर कुणीतरी... बसलेलं.

त्यांनी मान वर केली नाही. बघितलं आणि कुणी नसलं तर? नजर धारेवर ठेवली आणि ठोकत राहिले. दोन बोटं खोल. तीन. चार. खाच पुरी झाली. आणि मग... अगदी जवळून...

"झालं?"

दाजी खाली बघूनच म्हणाले,

"नाही गं... थोडं राहिलंय."

ठोकत राहिले. पाच बोटं. सहा. डोळ्यांपुढं सगळं धूसर. हात थांबेना. पटाशी आरपार गेली... खाली जमिनीत रुतली.

आणि तुळई उडाली.

सकाळी मी गेलो तेव्हा दाजी भिंतीला टेकून बसले होते. तुळई वाया गेली होती. तिच्यावर सगळीकडे भुसा, ढलप्या. मधे फक्त एक माणूस बसेल एवढी जागा स्वच्छ. माझी नुसती बहीण नव्हती रे ती, आईसारखं वाढवलं होतं तिनं मला. मी तिथं हात टेकवायला गेलो आणि हुंदका आवरेना.

"हळू," दाजी म्हणाले. "भुसा हलेल."

घर अजून तेवढ्या एका तुळईपायी अडलंय. ही तुळई ते हलवू देत नाहीत, दुसरी करायला घेत नाहीत. वर्ष होत आलं. शेडमध्ये सगळ्यावर धुळीचे थर चढलेत.

त्या जागेवर अजून कणभर धूळ नाही.